अवकाशातला कचरा उचलणारं यान: कागदावरच्या हिशेबापासून टेबलावरच्या चाचणीपर्यंत

मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनांत अवकाश कचऱ्याचं एक पोस्टर हल्ली हमखास असतं. निळी पृथ्वी, चौकोनी यान, यानाला रोबोटिक हात आणि त्या हातात तुटका उपग्रह. ‘हा नेमका कोणता तुकडा?’ असं विचारलं की मुलं एकमेकांकडे बघतात. त्याचं वजन, उंची, गरगरण्याचा वेग, मालक, यातलं काहीच ठरलेलं नसतं. हाताला सांधे मात्र सात असतात आणि सातही मोटरी निवडून झालेल्या असतात. बाजारात तुरी, त्यातली गत.

हा लेख तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या टीमसाठी आहे. सगळा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी कचरा, मग इंधन, मग माघारीचा रस्ता, आणि हात त्यानंतर. पहिलं सत्र हिशेबाला आणि दुसरं टेबलावरच्या मॉडेलला दिलंत तर काम नीट होतं. सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. पायथॉन आहेच, कक्षेच्या गणितासाठी नासाचं जीमॅट फुकट मिळतं आणि वस्तूंच्या कक्षांचे आकडे सेलेस्ट्रॅक या संकेतस्थळावर रोज ताजे मिळतात.

१. कोणता तुकडा, कोणाचा तुकडा

युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार १० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तू सुमारे ५४,००० आहेत (यात चालू उपग्रहही आले), १ ते १० सेंटिमीटरच्या सुमारे १२ लाख, आणि त्याहून बारीक, मिलिमीटरपर्यंतच्या, सुमारे १३ कोटी. बारीक कचरा यान पाठवून वेचता येत नाही. तो विचार सोडून द्या. उचलायचे ते मोठे धोंडे, कारण उद्याचा बारीक कचरा त्यांच्यातूनच तयार होणार आहे. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किमी उंचीवर निकामी कॉसमॉस २२५१ आणि चालू इरिडियम ३३ एकमेकांवर आदळले. सापेक्ष वेग सेकंदाला ११.७ किमी होता. दोन उपग्रहांचे मोजता येण्याजोगे दोन हजारांवर तुकडे झाले.

वजन, उंची आणि आसपासची गर्दी हे तिन्ही एकत्र पाहिलं की सोव्हिएत-रशियन झेनिट रॉकेटचे वरचे टप्पे यादीत सगळ्यात वर येतात. अवकाशातल्या वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये ते ‘एसएल-१६’ नावाने आहेत. प्रत्येकी सुमारे ९ टन, लांबी ११ मीटरच्या घरात, व्यास ४ मीटरच्या आसपास आणि उंची साधारण ८४० किमी. हवा इतकी विरळ असते की तिथून ते आपोआप खाली यायला शतकं लागतात.

भारताच्या खात्यावरचं एक उदाहरण तर अभ्यासासाठीच बनल्यासारखं आहे. २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३ उडालं. त्यात भारताचा टीईएस, जर्मनीचा बर्ड आणि युरोपचा ९४ किलोचा प्रोबा-१ हे उपग्रह होते. दोन महिन्यांच्या आत रॉकेटचा चौथा टप्पा उरलेल्या इंधनामुळे कक्षेतच फुटला आणि तीनशेवर तुकडे झाले. त्याच रॉकेटने सोडलेला प्रोबा-१ आज युरोपच्या क्लिअरस्पेस-१ मोहिमेचं लक्ष्य आहे. आधी या मोहिमेचं लक्ष्य वेगळं होतं: व्हेगा रॉकेटने २०१३ मध्ये मागे सोडलेला, उपग्रह जोडायचा ११२ किलोचा अॅडॅप्टर. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या अॅडॅप्टरजवळच नवे तुकडे दिसले, म्हणजे कचऱ्यालाच कचरा धडकला होता, आणि लक्ष्य बदलावं लागलं. यातून घ्यायचं ते इतकंच: पर्यायी लक्ष्य पहिल्या दिवसापासून कागदावर असू द्या.

मुंबईच्या मुलांना साहजिकच ‘प्रथम’ आठवतो. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला हा दहाएक किलोचा उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. सुमारे ७०० किमी उंचीवरून आपोआप खाली यायला दशकं लागतात, तेव्हा ‘आपलाच आपण आणू’ हा विचार मनाला भावतो. पण दहा किलोसाठी काही शे किलोचं यान पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सरावाचा हिशेब त्यावर जरूर करा, मोहीम मात्र त्याच्यासाठी आखू नका.

माझा सल्ला असा की कॅटलॉगमध्ये ‘पीएसएलव्ही आर/बी’ (आर/बी म्हणजे रॉकेट बॉडी) नावाने असलेला, ६०० ते ८०० किमीच्या पट्ट्यातला, अजून अखंड असलेला एखादा टप्पा घ्या. वजन टनाच्या आत-बाहेर असतं, म्हणजे अवघड आहे पण अशक्य नाही. दुसरं कारण कायद्याचं आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या आठव्या कलमानुसार वस्तू ज्या देशाच्या नोंदवहीत आहे त्याचाच तिच्यावर अधिकार राहतो, ती मेलेली असली तरी. समुद्रात बेवारस जहाजासाठी सॅल्व्हेजचा कायदा आहे. वर तसं काही नाही. रशियाचा टप्पा रशियाच्या लेखी परवानगीशिवाय हलवता येत नाही. भारतीय टप्प्यासाठी परवानगी मागायला दार तरी आपल्याच घरातलं आहे.

२. लक्ष्याची कुंडली

लक्ष्य ठरलं की त्याच्यासाठी एक पानाची कुंडली करा: वस्तुमान, आकार, कक्षा, फिरण्याचा वेग, पकडण्याजोगी जागा, आत काय उरलंय. शेवटच्या रकान्यात इंधन, दाबाखालच्या टाक्या आणि बॅटऱ्या येतात. पीएसएलव्ही-सी३ चा टप्पा कशाने फुटला हे वर आलंच आहे, तेव्हा हा रकाना रिकामा ठेवू नका.

पकडण्याची जागा शोधताना सौर पंखे, अँटेना आणि सोनेरी आवरण विसरून जा. ते सगळं हातात निखळून येईल. मजबूत जागा दोनच: रॉकेटला उपग्रह जोडायची कडी, आणि इंजिनचं नॉझल. कडीचे व्यास ठरावीक असतात, ९३७, ११९४ आणि १६६६ मिलिमीटर हे नेहमीचे. म्हणून त्या मापांना चालणारा ग्रिपर, म्हणजे पकडणारा पंजा, एकाहून जास्त लक्ष्यांना चालतो. नॉझलचा मार्ग प्रत्यक्षात वापरून झाला आहे: फेब्रुवारी २०२० मध्ये एमईव्ही-१ या यानाने इंटेलसॅट ९०१ ला त्याच्या इंजिनच्या नॉझलमध्ये दांडा घालूनच धरलं. अर्थात तो उपग्रह जिवंत होता, स्थिर उभा राहिला होता. तुमचा टप्पा तुमच्यासाठी उभा राहणार नाही.

फिरण्याचा वेग तुम्ही स्वतः मोजू शकता, आणि हा भाग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो. एसएल-१६ चे टप्पे अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुंबईच्या उजेडात ते जमणार नाही. वांगणी किंवा नेरळच्या बाजूला जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सूर्यास्तानंतर तासा-दीड तासाच्या आत. पावसाळ्याचे चार महिने विसरा. हेवन्स-अबव्ह या संकेतस्थळावर वेळ आणि दिशा बघून ठेवा, ट्रायपॉडवर कॅमेरा लावून सेकंदाला पंचवीस फ्रेमचा व्हिडिओ घ्या आणि प्रत्येक फ्रेममधल्या ठिपक्याची प्रखरता काढून आलेख मांडा. टप्पा गरगरत असेल तर आलेखात ठरावीक अंतराने चढउतार दिसतात. नळकांड्यासारखी वस्तू एका फेरीत दोनदा सारखीच चमकते, त्यामुळे मिळालेला काळ बहुधा अर्ध्या फेरीचा असतो. शिवाय टप्पा डोक्यावरून जाताना आपली बघण्याची दिशाही बदलत असते, तिची दुरुस्ती करावी लागते. वेगवेगळ्या रात्रींचे आलेख जुळले तरच आकडा कुंडलीत लिहा.

तरी जमिनीवरून मिळालेली माहिती अपुरीच असते. म्हणून जपानच्या अॅस्ट्रोस्केलने पकडणारं यान पाठवण्याआधी नुसतं बघणारं पाठवलं. अॅड्रास-जे १८ फेब्रुवारी २०२४ रोजी उडालं, २००९ पासून कक्षेत असलेल्या एच-२ए रॉकेटच्या सुमारे ३ टनांच्या टप्प्याभोवती ५० मीटरवरून फिरलं, आणि नोव्हेंबरच्या शेवटी १५ मीटरपर्यंत पोचलं. पकडायचं यान त्याच्यामागून येणार आहे. तुमच्या आराखड्यात दोन यानं परवडत नसतील तर एकाच यानाच्या वेळापत्रकात पाहणीचा टप्पा वेगळा ठेवा, आणि पाहणीनंतर ‘नको, परत फिरा’ म्हणायची सोयही.

३. इंधन: इथेच निम्मे आराखडे बाद होतात

८०० किमीच्या वर्तुळाकार कक्षेत वेग सेकंदाला सुमारे ७.४५ किमी असतो. तिथून कक्षेचं खालचं टोक ६० किमीपर्यंत खेचायचं, म्हणजे वस्तू त्याच फेरीत वातावरणात शिरेल, तर वेग सुमारे २०५ मीटर प्रतिसेकंद कमी करावा लागतो. यालाच डेल्टा-व्ही म्हणतात. आकडा लहान वाटतो. पण वेग आता जोडीचा कमी करायचा आहे, तुमचं यान अधिक कचरा.

हायड्राझिन या इंधनावर चालणाऱ्या साध्या थ्रस्टरचा (छोट्या इंजिनाचा) विशिष्ट आवेग २२० सेकंद धरा, म्हणजे वायू बाहेर पडण्याचा वेग साधारण २१५७ मीटर प्रतिसेकंद. २०५ भागिले २१५७ केलं की ०.०९५ येतात, ‘ई’चा तेवढा घात १.०९९७. म्हणजे खाली उतरवायच्या एकूण वजनाच्या जवळपास १० टक्के इंधन. टनभराचा टप्पा आणि ४०० किलोचं यान असेल तर १४० किलो. ९ टनांचा एसएल-१६ आणि टनभराचं यान असेल तर सुमारे १ टन. दोन द्रवांचं इंजिन वापरलं, विशिष्ट आवेग ३१० सेकंद, तर तेच ७०० किलोवर येतं. हे फक्त शेवटच्या ढकलीचं झालं. तिथवर जाणं, जवळ येणं, अडखळणं, परत फिरणं हे सगळं त्यावर.

आता ‘एका यानात दहा तुकडे’ या लाडक्या कल्पनेकडे बघू. कक्षेचं प्रतल १ अंशाने वळवायला ८०० किमीवर सुमारे १३० मीटर प्रतिसेकंद लागतात, १० अंशांना १३००. एवढं इंधन कोणी नेत नाही. यातून एक चोरवाट आहे. पृथ्वी मध्यावर फुगीर असल्यामुळे कक्षेचं प्रतल आपोआप हळूहळू फिरतं, आणि खालच्या कक्षेत ते जरा जास्त वेगाने फिरतं. सूर्यसमकालिक कक्षेत (यान एखाद्या जागेवरून रोज त्याच स्थानिक वेळी जातं अशा) ८०० ऐवजी ६०० किमीवर थांबलात तर फरक दिवसाला साधारण ०.१ अंशाचा पडतो. १० अंशांसाठी शंभर दिवस वाट बघायची. इंधनाऐवजी वेळ खर्च होतो, पण त्या वेळात इलेक्ट्रॉनिक्स जिवंत राहायला हवं, आणि दोन्ही कक्षांचा कल सारखा असला तरच ही वाट उघडते. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात एक यान, एक तुकडा एवढंच ठेवा.

विद्युत थ्रस्टर इंधन वाचवतात हे खरं, पण शेवटच्या फेरीत जोरदार ढकल देऊ शकत नाहीत, म्हणून तुकडे नेमके कुठे पडतील ते ठरवता येत नाही. मोठ्या वस्तूसाठी ते ठरवणं भाग आहे. जमिनीवर कोणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी हवी, असा प्रचलित दंडक आहे. महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको: २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचं असल्याचं मानलं जातं. याउलट इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी टनभराचा मेघा-ट्रॉपिक्स-१ उरलेल्या सुमारे १२० किलो इंधनावर ८६७ किमीवरून टप्प्याटप्प्याने खाली आणून प्रशांत महासागरावर जाळला. मुळात तशा शेवटासाठी तो बनवलेला नव्हता. त्या मोहिमेचे आकडे मिळवून तुमचा हिशेब त्यावर पडताळून बघा.

४. जवळ जाणं, आणि त्याआधी परतीची वाट

पृथ्वीवरची सवय इथे घात करते. पुढे असलेल्या वस्तूकडे जायला पुढे जोर लावला की तुमची कक्षा वर जाते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि तुम्ही मागे पडता. गाठायचं असेल तर खाली उतरावं लागतं. १ किमी खालच्या कक्षेत राहिलात तर प्रत्येक फेरीत लक्ष्याच्या तुलनेत सुमारे ९.४ किमी पुढे सरकता. या सापेक्ष हालचालीची गणितं क्लोहेसी आणि विल्टशायर यांनी १९६० मध्ये मांडली. ती पायथॉनमध्ये बसवा. शंभर ओळींच्या आत बसतात. पुढचा सगळा खेळ त्यांच्यावर आहे.

मार्ग आखताना प्रत्येक बिंदूवर एकच प्रश्न विचारायचा: या क्षणी माझं इंजिन बंद पडलं तर पुढचे चोवीस तास मी लक्ष्याला धडकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर तो मार्ग कितीही छोटा असला तरी फाडून टाका. याला मार्गातच असलेली सुरक्षा म्हणतात, थ्रस्टरवर विसंबलेली नव्हे. सरळ मागून लक्ष्याच्या रेषेत येण्याऐवजी त्याच्याभोवती तिरपा लंबगोल घेत यायचं, म्हणजे यान मेलं तरी आडवं अंतर राहतं आणि रेषा थेट लक्ष्यातून जात नाही.

मग थांबे ठरवा. ५ किमी, १ किमी, २०० मीटर, ५० मीटर, १५ मीटर असे चालतील. प्रत्येक थांब्यावर पुढे जायच्या अटी लिहा: किती सेन्सर एकमेकांशी जुळताहेत, इंधन किती उरलंय, जमिनीवरच्या केंद्राशी संपर्क आहे का. आणि त्याच पानावर माघारीची आज्ञा लिहा. पुढे जायच्या आज्ञेआधी माघारीची आज्ञा लिहून, चालवून, तपासून झालेली हवी. मी आराखडा तपासायला घेतो तेव्हा आधी हेच पान मागतो.

हा अतिसावधपणा नाही. एप्रिल २००५ मध्ये नासाचं डार्ट हे स्वयंचलित यान आपल्या स्थितीचा चुकीचा अंदाज धरून बसलं, त्या गोंधळात इंधन उडवत गेलं आणि जिच्याजवळ जायचं त्या उपग्रहालाच जाऊन टेकलं. अॅस्ट्रोस्केलच्या एल्सा-डीने ऑगस्ट २०२१ मध्ये चुंबकाने आपलं लक्ष्य सोडून पुन्हा पकडून दाखवलं, पण पुढच्या जानेवारीत आठपैकी चार थ्रस्टर गेले. उरलेल्यांवर ते लक्ष्यापासून १५९ मीटरपर्यंत परत आलं, तिथून पुढे मात्र पकड झाली नाही. याउलट अॅड्रास-जे १५ मीटरवर गडबड ओळखून आपणहून मागे फिरलं आणि शाबूत राहिलं. इस्रोच्या स्पेडेक्सचंही तेच. ३० डिसेंबर २०२४ ला सोडलेली प्रत्येकी सुमारे २२० किलोची दोन यानं जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जोडायची होती. अपेक्षेपेक्षा जास्त सरकत असल्याचं दिसताच बेत पुढे ढकलला, मग १५ आणि ३ मीटरवर जाऊन परत मागे आणली, आणि १६ जानेवारी २०२५ ला जोडली. टीव्हीवर त्या तारखा पुढे जाताना लोक नाराज होत होते. अभियंत्याने मात्र तेच दिवस अभ्यासावेत.

जमिनीवरून जॉयस्टिकने चालवू, असं कोणी म्हणालं तर ते उंटावरून शेळ्या हाकणं आहे. ८०० किमीवर फेरी सुमारे १०१ मिनिटांची, त्यात एका केंद्राच्या वर यान दहा-पंधरा मिनिटं असतं. शेवटचे मीटर यानानेच ठरवायचे.

५. डोळे

लांबून साधा कॅमेरा, मधल्या टप्प्यात उष्णता बघणारा कॅमेरा, जवळ लेझरने अंतर मोजणारा लायडार. तिन्ही हवेत, कारण प्रत्येकाची एक आंधळी जागा आहे. फेरीतली सुमारे ३५ मिनिटं सावली असू शकते, तेव्हा साधा कॅमेरा उपयोगाचा नाही. उजेडात सोनेरी आवरणाची एक सुरकुती चमकली की आख्खी चौकट पांढरी पडते. मागे पृथ्वी आली तर ढगांतून लक्ष्याची कड शोधणं अवघड.

लक्ष्याची स्थिती आणि कल चित्रावरून ओळखायला न्यूरल नेटवर्क शिकवणार असाल तर ‘स्पीड प्लस’ हा चित्रसंग्रह फुकट आहे. त्यात संगणकाने बनवलेली आणि प्रयोगशाळेत दिव्याखाली काढलेली अशी दोन्ही चित्रं आहेत. पहिल्या प्रकारावर शिकलेलं नेटवर्क दुसऱ्या प्रकारावर कसं गडगडतं ते स्वतः बघा, म्हणजे पोस्टरवर ‘९९ टक्के अचूक’ लिहिताना हात थबकेल.

६. पकड

जाळं, भाला, चुंबक, हात, मिठी मारणाऱ्या बाह्या, असे पर्याय आहेत. ब्रिटनमध्ये जुळवलेल्या रिमूव्ह-डेब्री या यानाने सप्टेंबर २०१८ मध्ये कक्षेत जाळं टाकून दाखवलं आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये दीड मीटरवरच्या फळीत भाला मारला. जाळ्याला लक्ष्य कसंही गरगरत असलं तरी चालतं, पण नंतर दोरीच्या टोकाला ९ टन लोंबकळत असताना ते ओढायचं कसं हा प्रश्न उरतो. भाल्याने टाकी फुटू शकते. चुंबकाला समोर लोखंडी पट्टी लागते. ती जुन्या कचऱ्यावर नाही. गरगर सेकंदाला एक-दोन अंशांच्या आत असेल तर हात किंवा बाह्या, जास्त असेल तर लक्ष्य बदला. अनुभवी संस्थांनाही वेगाने गरगरणारी वस्तू अजून पकडता आलेली नाही.

स्पर्शाचा क्षण बारकाईने बघू. गेटवेला लाँच धक्क्याला लागताना तांडेल इंजिन आधीच बंद करतो, कडेचे टायर दबतात, आणि ते दबून परत उसळायच्या आतच खलाशी दोर अडकवून मोकळा होतो. तुमच्या ग्रिपरला हेच करायचं आहे, फक्त इथे पाणी नाही, त्यामुळे उसळी मारलेली वस्तू थांबत नाही. यान सेकंदाला २ सेंटिमीटरने टेकलं आणि बोटांच्या आत ५ सेंटिमीटर मोकळी जागा आहे असं धरा: उसळीचा वेग तेवढाच राहिला तर लक्ष्य निसटायला अडीच सेकंद. ग्रिपर त्याआधी बंद व्हायलाच हवा. हा एक आकडा मोटर, गिअर आणि सेन्सरची गती ठरवतो. सात सांधे हवेत की चार, तेही त्यानंतर ठरतं. स्पेडेक्समध्ये जवळ येण्याचा वेग सेकंदाला १० मिलिमीटरच्या घरात ठरवला होता. आणखी एक: बोटं पुरती मिटेपर्यंत लक्ष्याला शक्यतो हात लावायचाच नाही. आधी घेरा, मग आवळा.

हात हलला की यानही उलट्या दिशेने हलतं, कारण पाय रोवायला जमीन नाही. म्हणून हाताचं नियंत्रण आणि यानाचं नियंत्रण वेगळ्या दोन मुलांना देऊ नका. स्पेडेक्सच्याच रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर, पोएम-४ वर, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचा कचरा पकडण्याच्या चाचणीचा रोबोटिक हात होता. कॅमेऱ्याने बघत, वस्तू पुढे कुठे जाईल याचा अंदाज घेत पकडायचं, अशी त्याची रचना. भारतीय टीमसाठी तो जवळचा धडा आहे.

७. पकडल्यावर

इथे एक गोड धक्का बसतो. ९ टनांचा, ११ मीटर लांबीचा टप्पा सेकंदाला १ अंश उलटापालटा होत असेल तर त्याचा कोनीय संवेग सुमारे १७५० न्यूटन-मीटर-सेकंद येतो. छोट्या उपग्रहातलं रिअॅक्शन व्हील (यान वळवण्यासाठी आत फिरणारं चाक) फार तर दहा-बारा झेलतं, म्हणजे चाकांचं नाव काढू नका. पण दीड मीटरच्या भुजेवर १० न्यूटनचे दोन थ्रस्टर लावले तर तासभरही नाही, मिनिटभरात गरगर थांबते आणि इंधन अर्धा किलोच्या आसपास लागतं. मग अडचण कुठे? हाताच्या मनगटात. तो ३० न्यूटन-मीटरचा पीळ सगळा पकडीतून जातो. मनगट ५ न्यूटन-मीटरच झेलत असेल तर तेवढ्यावरच चालवा, सहाएक मिनिटं लागतील. घाई नाही.

जोडीचा गुरुत्वमध्य आता तुमच्या यानात नसतो, कचऱ्यात असतो. मुख्य इंजिन ४०० न्यूटनचं आणि त्याची रेषा गुरुत्वमध्यापासून १० सेंटिमीटर हुकली तर ४० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो आणि सगळं पुन्हा फिरू लागतं. म्हणून आधी छोटे झटके देऊन, यान किती वळतं ते मोजून, गुरुत्वमध्य शोधायचा; मग हाताने जोडणीचा कोन बदलून इंजिन त्याच्या रेषेत आणायचं. हाताचा खरा उपयोग मला तर इथेच जास्त दिसतो.

८. टेबलावरचं मॉडेल

तिन्ही दिशांचं शून्य गुरुत्व मुंबईत मिळणार नाही, दोन दिशांचं मिळतं. मोठी ग्रॅनाइटची लादी किंवा जाड टफन्ड काच, आणि तिच्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या चकत्या. तयार एअर बेअरिंग महाग पडतात. अॅक्रिलिकच्या सपाट चकतीला मधोमध बारीक भोक पाडून, खालून पॉलिश करून काम भागतं.

सगळं लक्ष लादीच्या पातळीवर द्या. मीटरला १ मिलिमीटर उतार राहिला तर यान सेकंदाला सेंटिमीटरभर वेग घेत जातं आणि दहा सेकंदांत जवळपास अर्धा मीटर घसरतं. तुमचा अल्गोरिदम मग कक्षेशी नव्हे, उताराशी झुंजत बसतो. गवंड्याची लेव्हल ट्यूब इथे कुचकामी आहे. मशीन शॉपमधली, मीटरला ०.०२ मिलिमीटर दाखवणारी स्पिरिट लेव्हल कॉलेजच्या वर्कशॉपमधून मागून आणा. तळमजल्यावरची खोली निवडा. रस्त्यालगतच्या वरच्या मजल्यावर बस गेली की लादी थरथरते.

कॅमेरा, सर्व्हो, सोलेनॉइड व्हॉल्व्हचे ड्रायव्हर लॅमिंग्टन रोडवर मिळतील. न्यूमॅटिक फिटिंग आणि नळ्या नागदेवीत. तिथेच हवेतलं पाणी गाळून दाब सांभाळणारं फिल्टर-रेग्युलेटर युनिट घ्या आणि त्याचा खर्च वाचवू नका. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतून इतकं पाणी येतं की चकतीचं भोक बुजतं. चाचणीच्या वेळी हवेची नळी यानाला जोडलेली ठेवू नका, तिची ओढ थ्रस्टरपेक्षा जास्त असते. भरलेली छोटी बाटली यानावरच बसवा.

सूर्य म्हणून एकच प्रखर स्पॉटलाइट, बाकी खोली काळ्या कापडाने झाकलेली. लक्ष्याला क्रॉफर्ड मार्केटातला चुरगळलेला सोनेरी कागद लावा. तो खऱ्या आवरणाइतकाच कॅमेऱ्याला छळतो.

चाचण्या या क्रमाने घ्या. आधी स्थिर लक्ष्य, मग सेकंदाला अर्धा अंश आणि पुढे एक अंश फिरणारं. मग दिवा अशा जागी हलवा की तो थेट कॅमेऱ्यात येईल. मग चालू प्रयोगात वायरलेस संपर्क तोडा आणि यान थांब्यावर थांबतं का, की पुढे जातं, ते बघा. त्यानंतर एक थ्रस्टर गुपचूप बंद करा. कोणता ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला सांगू नका. या शेवटच्या चाचणीत ‘यश’ म्हणजे पकड नव्हे. लक्ष्याला न शिवता मीटरभर मागे येणं, हेच यश. प्रत्येक प्रयोगाचा वरून व्हिडिओ घ्या आणि फसलेले प्रयोगही तारीख घालून जपून ठेवा, परीक्षक तेच मागतात.

९. कागदपत्रं

भारतात खासगी अवकाश उपक्रमांना परवानगी इन-स्पेस देते, आणि टक्कर टाळण्याचं विश्लेषण बेंगळुरूमधलं इस्रोचं आयएसफोरओएम केंद्र करतं. १९७२ च्या दायित्व करारानुसार तुमच्या यानाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर भरपाईची जबाबदारी भारत सरकारवर येते, म्हणून सुरक्षेचं प्रकरण पातळ ठेवून चालणार नाही. त्यात तुमचं स्वतःचं यान मेलं तर काय, याचं उत्तर हवं. सोपा उपाय असा की रॉकेटने यान थेट ८०० किमीवर न नेता ४०० किमीच्या आसपास सोडायचं. तिथे सगळी उपकरणं तपासायची, आणि सगळं ठीक असेल तरच वर चढायचं. तपासणीतच यान बंद पडलं तर त्या उंचीवर हवेच्या घर्षणाने ते थोड्याच वर्षांत आपोआप जळून जातं. वर चढायला लागणारं इंधन कलम ३ मधल्या हिशेबात आधीच धरा.